हाडांचे कान

कपारवाडीच्या वार्षिक हाड-तपासणीचा निकाल लागला आणि दोन नावं सगळ्यांच्या तोंडी झाली.

पहिलं नाव सावनी भोईटे, वय वर्षं अकरा. वर्षभरात तिने व्यायामाचे तीनशे एकोणसत्तर तास भरले होते. अख्ख्या वस्तीत एवढे तास कुणाचेच नव्हते. दुसरं नाव द्रौपदाकाकूंचं, वय बावन्न. वस्तीचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. व्यायामशाळेत त्यांचे वर्षभराचे तास शून्य. व्यायामशाळेचं दार आत उघडतं की बाहेर, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

आता गुण बघा. सावनीच्या हाडांना शंभरपैकी एक्क्याऐंशी. द्रौपदाकाकूंच्या हाडांना सत्त्याण्णव.

वस्तीतल्या एकशे चाळीस माणसांपैकी बहुतेकांनी तपासणीचं यंत्र बिघडलंय असं जाहीर करून टाकलं. असं म्हणणाऱ्यांत पास झालेला एकही माणूस नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

 सावनी खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. नऊ महिन्यांनंतरच्या एका तारखेभोवती तिने तांबडं वर्तुळ काढून ठेवलं होतं. त्या दिवशी पृथ्वीकडे जाणारं यान सुटणार होतं.

कपारवाडी चंद्रावर आहे. फार फार पूर्वी चंद्रावर तापलेला लाव्हारस वाहत होता. त्याचा वरचा थर थंड होऊन थिजला, आतला रस वाहून गेला आणि जमिनीखाली लांबलचक पोकळ बोगदे उरले. अशाच एका लाव्हानळीत (लाव्हारस वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्यात) ही वस्ती वसवली, कारण बाहेरचं ऊन, थंडी आणि अवकाशातून येणारे घातक किरण आत पोचत नाहीत. सावनी चार वर्षांची असताना आईबरोबर इथे आली. आई खाणयंत्रं सांभाळायची. तिचं काम आता संपत आलं होतं आणि यानाच्या अठरा जागांच्या यादीत मायलेकींची नावं लागली होती. पण यादीखाली एक ओळ होती. ज्याच्या हाडांना नव्वद गुण नाहीत, त्याला यानात जागा नाही. मग पुढच्या यानाची वाट बघायची, म्हणजे दोन वर्षं. आईला अठ्ठ्याऐंशी मिळाले होते. तिला दोनच गुण मिळवायचे होते, सावनीला नऊ. आणि एकीसाठी दुसरी मागे राहणार, हे सांगायची गरज नव्हती.

अट उगाच घातलेली नव्हती. चंद्र आपल्याला पृथ्वीच्या मानाने फक्त एक षष्ठांश ताकदीने खाली ओढतो. पृथ्वीवर तीस किलो भरणारी सावनी इथल्या ताणकाट्यावर (स्प्रिंगच्या काट्यावर) पाच किलो भरायची. ऐकायला मजा वाटते, पण शरीर मोठं हिशेबी असतं. जे वापरात नाही, ते सांभाळायचा खर्च ते करत नाही. हाडांवर भार नाही म्हटलं की ते हाडं पातळ करायला घेतं. अशी पातळ हाडं घेऊन पृथ्वीवर उतरलं तर पहिल्याच पायरीला पाय मोडायचा.

सावनीचा एक चुलतभाऊ साताऱ्याला होता, शार्दूल नावाचा. तो दर रविवारी पडद्यावर यायचा. त्याचा शब्द चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागायचा, पण टोमणा झोंबायचा तेवढाच. त्याचं घर चढावर होतं. गाडी खाली थांबते, तिथून दोनशे पावलं वर. सावनीने त्याला बजावलं होतं की ही दोनशे पावलं मी माझ्या पायांनी चढणार. निकाल कळल्यावर शार्दूलने पडद्यावर चाकांची खुर्ची आणून दाखवली.

"बघ, तेलपाणी करून ठेवलीय," तो म्हणाला. "हारही घालणार आहे. चंद्रावरची पाहुणी म्हटल्यावर एवढं करायलाच पाहिजे. तू फक्त बसायचं."

सावनीने पडदा बंद केला. रडू आलं होतं, पण सव्वा सेकंदानंतरही ते त्याला दिसायला नको होतं.

एवढे तास भरूनही गुण गेले कुठे, हे शोधायचं तर आधी कपारवाडीची व्यायामाची रीत समजून घ्यायला हवी. चंद्रावर साधारण चौदा दिवस सलग ऊन असतं आणि पुढचे चौदा दिवस सलग अंधार. अंधारात सौर पट्ट्यांना (उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्यांना) ऊन मिळत नाही, म्हणून साठवलेली वीज पुरवून वापरावी लागते. व्यायामशाळेतले धावपट्टे तेवढे दिवस बंद. त्यामुळे अंधाराचा पंधरवडा म्हणजे सुट्टी, असं वस्तीने ठरवून टाकलं होतं. त्या दिवसांत लोक पत्ते खेळत, भजी मागत आणि लोळत. नियम होता वर्षाला तीनशे साठ तासांचा, म्हणजे रोजचा साधारण एक तास. मग उजेडाच्या पंधरवड्यात रोज दोन तास पळायचं की झाला हिशेब पुरा.

सूर्य उगवला की वस्तीत संकल्प व्हायचे. मोठमोठ्याने, एकमेकांना ऐकू जातील असे. त्या संकल्पांचं पुढे काय होतं, हे फक्त मोजणीबुवाला ठाऊक होतं. मोजणीबुवा म्हणजे छताला लावलेल्या रुळावरून फिरणारा एकडोळ्या यंत्रमानव. कोण किती चालला, किती पळाला, किती पाणी प्यायला, सगळं तो मोजायचा. त्याच्या नोंदीप्रमाणे उजेडाच्या पहिल्या दिवशी धावपट्ट्यांसमोरच्या रांगेत एकसष्ट माणसं असत. चौथ्या दिवशी बावीस. नवव्या दिवशी सात. आणि तेराव्या दिवशी पुन्हा अठ्ठावन्न, कारण पंधरवडा संपायच्या आत तास भरायचे असत. हा आलेख अकरा वर्षांत बदललेला नव्हता.

सावनी मात्र चौदाही दिवस रोज दोन तास इमानाने पळत होती. म्हणून तर तिचा राग अनावर होता.

ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि काकूंना विचारलं की तुम्ही करता तरी काय. काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सगळं श्रेय लसणीच्या चटणीला देऊन टाकलं. ही बातमी तासाभरात सगळीकडे झाली. तीन महिन्यांचा लसूण नऊ दिवसांत संपत आला. कपारवाडीत नऊ दिवस कुणी कुणाच्या जवळ बसून बोललं नाही.

सावनीही दोन दिवस चटणी खात होती. तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष समोर बसलेल्या ऐनापुरेआजोबांकडे गेलं. डॉक्टर ऐनापुरे हाडांचे शास्त्रज्ञ. पृथ्वीवर गुडघे फार दुखायचे, म्हणून म्हातारपणी चंद्रावर येऊन राहिलेले. तीनशे साठ तासांचा नियम त्यांनीच केलेला. गेली सहा वर्षं ते तिन्ही वेळा ही चटणी खात होते, तीही दोनदा मागून घेऊन. आणि त्यांच्या हाडांचे गुण होते एकोणऐंशी.

म्हणजे लसूण नव्हे. सावनीने वाटी बाजूला सारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वही घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

काकूंना चटणी मिक्सरमधली चालत नसे. त्या उखळात मुसळाने कुटायच्या. आता चंद्रावर कुटणं हे काही साधं काम नाही. मुसळ जोरात खाली दाबलं की उखळही आपल्याला तेवढ्याच जोराने वर ढकलतं. पृथ्वीवर आपलं वजन आपल्याला धरून ठेवतं, इथे धरणारं कुणी नाही. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा कुटायला घेतलं तेव्हा काकूंचं डोकं छताला आपटलं होतं. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला. यानातलं सामान बांधायचे जाड रबरी पट्टे जुने झाले की फेकून देत. त्यातले दोन त्यांनी आणले, एक टोक कमरेच्या पट्ट्याला, दुसरं जमिनीतल्या कडीला. मुसळ उचललं की टाचा उचलत, काकू वीतभर वर जात, पट्टे त्यांना खाली खेचत आणि त्या दोन्ही पायांवर येत. धप्प. परत वर, परत धप्प.

सावनीने मोजलं. बरोबर चाळीस. तीस वेळा कुटलं तर लसूण जाड राहतो आणि पन्नास वेळा कुटलं तर चिकट होतो, असं काकूंचं म्हणणं. न्याहारीआधी चाळीस, दुपारच्या जेवणाआधी चाळीस, संध्याकाळच्या जेवणाआधी चाळीस.

"आणि अंधाराच्या पंधरवड्यात?" सावनीने विचारलं.

काकूंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "का गं पोरी, अंधारात तुम्ही जेवत नाही व्हय?"

सावनी उठून थेट रुळाखाली गेली आणि मोजणीबुवाला हाक मारली. स्वयंपाकघरातल्या धप्प आवाजाची नोंद त्याच्याकडे असेल का, याची तिला खात्री नव्हती. बुवाने डोळा मिचकावला. नोंद होती. वर्षाचे त्रेचाळीस हजार दोनशे धप्प. रोजचे एकशे वीस. फक्त त्या नोंदीचा रकाना होता 'किरकोळ आवाज, दुर्लक्ष करावं'.

वही बगलेत मारून सावनी ऐनापुरेआजोबांकडे गेली. आजोबांनी वही वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचली.  शास्त्रज्ञाने तेच पान दोनदा वाचलं की समजावं, त्याला एकतर काही सापडलंय नाहीतर आपली चूक कळलीय. इथे दोन्ही झालं होतं.

"सावनी, चूक माझी आहे," शेवटी ते म्हणाले. "मी तास मोजत बसलो. हाडं तास मोजत नाहीत."

मग त्यांनी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. हाड म्हणजे काठी नव्हे, ते जिवंत असतं. त्यात दोन टोळ्या सतत कामाला असतात. एक टोळी अस्थिभंजक पेशींची (हाडाचा जुना भाग विरघळवून काढणाऱ्या पेशींची), दुसरी अस्थिजनक पेशींची (नवं हाड रचणाऱ्या पेशींची). पाडणं आणि बांधणं सारखं चाललं की हाड टिकतं. पण बांधणाऱ्या टोळीला कामावर बोलवायचं कुणी? त्यासाठी हाडाच्या आत तिसऱ्या प्रकारच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्याभोवती केसाहून बारीक नळ्या असतात आणि नळ्यांत पाणी असतं. आपण उडी मारून धप्पकन पायांवर आलो की हाड किंचित, अगदी किंचित वाकतं, नळ्यांतलं पाणी हलतं आणि या पेशींना ते कळतं. त्या लगेच निरोप धाडतात की इथे भार पडतोय, बांधायला घ्या.

"म्हणजे त्या हाडांचे कान," सावनी म्हणाली.

आजोबांना हे नाव इतकं आवडलं की पुढे त्यांनी तेच वापरलं. तर या कानांची एक खोड आहे. पहिले तीस-चाळीस धक्के ते मन लावून ऐकतात. त्यानंतर बधिर होतात. एखादा माणूस तेच तेच सांगायला लागला की आपण नुसती मान हलवतो, तसं. मग तुम्ही चारशे धक्के द्या नाहीतर चार हजार, आत काही शिरत नाही. पाच-सहा तास विश्रांती मिळाली की कान पुन्हा उघडतात.

सावनीच्या डोळ्यांसमोर तिचे दोन-दोन तास आले. हजारो पावलं, आणि ऐकली गेली ती सुरुवातीची चाळीस.

तिने तिथेच वहीत गणित मांडलं. चंद्रावरचा एक उजेड आणि एक अंधार मिळून अठ्ठावीस दिवस धरू. तिने पळायचं त्यातले चौदा दिवस. चौदा गुणिले चाळीस, पाचशे साठ. काकू कुटणार अठ्ठावीसही दिवस, रोज तीनदा चाळीस. म्हणजे तीन हजार तीनशे साठ. काकूंच्या हाडांनी सावनीच्या हाडांपेक्षा सहापट ऐकलं होतं, आणि तेही चटणी करता करता. शिवाय अंधाराच्या पंधरवड्यात बांधणारी टोळी बोलावणं नाही म्हणून बसून राहायची, पण पाडणारी टोळी सुट्टी घेत नव्हती.

पळणं फुकट गेलं का, असं तिने हिरमुसून विचारलं. आजोबा म्हणाले की मुळीच नाही, हृदय आणि फुप्फुसं त्यावर खूश आहेत. फक्त त्यांनाही हे आवडत नाही की चौदा दिवस लाड आणि चौदा दिवस विसर.

नऊ महिन्यांतले दोन आठवडे गेले होते. त्या दिवशी संध्याकाळी काकूंच्या उखळाशेजारी जमिनीत आणखी एक कडी बसली. सावनीच्या कमरेला दोन पट्टे लागले आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदाच जोडीने आवाज आले, धप्प धप्प.

पहिले दिवस सोपे गेले. पहिले दिवस सगळ्यांचेच सोपे जातात, मोजणीबुवाला विचारा. त्याने पडद्यावर सावनीसाठी एक माळ काढून दिली होती. रोज एक हिरवा मणी, खाली अक्षरं, 'सलग दिवस'. विसाव्या दिवशी, अंधाराच्या पंधरवड्यात, शार्दूलचा वाढदिवस होता. सावनी दिवसभर पडद्यापुढे बसली, जेवणही तिने खोलीतच मागवलं, आणि रात्रीचे चाळीस तर सोडाच, सकाळचेही राहिले. दुसऱ्या दिवशी उठून बघते तो माळ गायब. पडद्यावर लिहिलं होतं, 'सलग दिवस, शून्य'.

एकोणीस दिवसांचं शून्य झालेलं बघून तिचा पायच उचलेना. सगळं गेलंच आहे तर आजही राहू दे, असं तिने मनाशी म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी फक्त तिच्याच ताटात चटणी आली नाही. तक्रार करायला ती स्वयंपाकघरात गेली तर काकू उखळाशी पट्टे बांधून उभ्याच होत्या.

"माझे पाच दिवस चुकले मागच्या वर्षी," काकू म्हणाल्या. "ताप होता. बुवाच्या वहीत असतील बघ. म्हणून काय उखळ फेकून दिलं मी? एक दिवस चुकला तर चुकला. लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही, एवढंच बघायचं. बांध पट्टा."

सावनीने पट्टा बांधला. चाळीस झाल्यावर तिने घाम पुसत मोजणीबुवाकडे बघितलं, तेव्हा ऐनापुरेआजोबा त्याच्याशी हुज्जत घालत होते. त्यांचं म्हणणं होतं की शून्य ही खोटी नोंद आहे. हाडांना शून्य माहीत नसतं. अठ्ठावीस दिवसांत एक दिवस गेला तर सत्तावीस दिवसांचं बांधकाम जागच्या जागी असतं. ते एका दिवसाने पडत नाही. एका दिवसाने बिचकून आपण जे पुढचे दहा दिवस घालवतो, त्याने पडतं. मोजणीबुवाने आक्षेप मान्य केला. माळ काढून टाकली आणि नवी ओळ आली, 'मागच्या अठ्ठावीस दिवसांत किती'. सावनीपुढे आकडा होता वीस. शून्यापेक्षा वीस बघून माणसाला फारच बरं वाटतं.

आजोबांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. मेंदूत खोलवर सवयी सांभाळणारा एक भाग असतो. त्याला भाषणं कळत नाहीत, संकल्प कळत नाहीत. त्याला खुणा कळतात. एकच खूण आणि तिच्यामागे एकच काम, असं पुन्हा पुन्हा घडलं की तो ते काम आपल्याकडे घेतो. कुणाचं महिन्यात, कुणाचं तीन महिन्यांत. मग आठवण करावी लागत नाही. काकूंची खूण होती जेवण. आणि जेवण ही अशी खूण आहे की ती दिवसातून तीनदा आपण होऊन येते, उजेडात येते आणि अंधारातही येते.

हे ऐकून सावनीला एक कल्पना सुचली आणि तिने ती काकूंच्या कानात सांगितली. काकू इतक्या हसल्या की पट्टे नसते तर पुन्हा छताला लागल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवणघराच्या दाराशी बारा कड्या आणि जुने पट्टे दिसू लागले. वर पाटी होती, 'आधी चाळीस, मग ताट'. म्हाताऱ्यांनी आपल्या बेताने, आजोबांना विचारून. वीज लागत नव्हती, म्हणून अंधाराचं निमित्त नव्हतं. दोन मिनिटांचं काम, म्हणून वेळ नाही म्हणायची सोय नव्हती. आणि आतून फोडणीचा वास येत होता, म्हणून परत फिरायचीही सोय नव्हती. पहिल्या आठवड्यात लोक लाजले, दुसऱ्यात एकमेकांचे धप्प मोजू लागले, तिसऱ्यात अडतीसवर थांबणाऱ्याला रांगेतून दोन बाकी म्हणून ओरडू लागले. मोजणीबुवाने अकरा वर्षांत पहिल्यांदाच एक सरळ रेघ काढली. पहिल्या दिवशी एकशे एकोणतीस, चौथ्या दिवशी एकशे एकोणतीस, अंधाराच्या नवव्या दिवशीही एकशे एकोणतीस.

उरलेल्या अकरांचे पुढारी होते वस्तीप्रमुख रणदिवे. त्यांचंही नाव यानाच्या यादीत होतं. पूर्वीपासून चालत आलेली पद्धत मोडायची नाही, असं ते म्हणत. कपारवाडी अकरा वर्षांची होती, त्यात पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, हे त्यांना कुणी विचारलं नाही. चाळीस उड्यांनी काय होतं, असं म्हणून ते उजेडात दोनऐवजी तीन तास पळू लागले आणि अंधारात ताट खोलीवर मागवू लागले.

चौथ्या महिन्यात मधली तपासणी झाली. सावनी पंच्याऐंशी. सहाव्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी. दोन गुण बाकी, आणि ते दोन काही केल्या हलेनात असं तिला वाटू लागलं. पण एव्हाना गंमत अशी झाली होती की वाटण्याचा आणि उड्यांचा संबंध उरला नव्हता. मन खट्टू असलं तरी जेवणाची घंटा व्हायची आणि पाय आपले आपण कडीशी जाऊन उभे राहायचे. एकदा तर भांडण करून रुसून बसलेली असताना तिने रडत रडत चाळीस पुरे केले आणि ताट घ्यायचंच विसरली.

यान सुटायच्या दहा दिवस आधी शेवटची तपासणी झाली. मोजणीबुवा जेवणघराच्या मधोमध येऊन थांबला. सगळे घास हातात धरून बसले होते. त्याने यादी खालून वर वाचायला घेतली, कारण यंत्र असलं तरी त्याला श्रोत्यांची थोडी चव लागली होती.

रणदिवे, ब्याऐंशी. जागा नाही.

त्यानंतर सतरा नावं आली आणि सतराच्या सतरा नव्वदच्या वर होती. सावनीची आई ब्याण्णव. सर्वांत शेवटचं नाव सावनी भोईटे, चौऱ्याण्णव.

आईने तिला उचललं. चंद्रावर ते अवघड नसतं, पण आईने ज्या जोराने उचललं त्याने दोघीही छताकडे निघाल्या आणि काकूंनी पट्टा फेकून त्यांना खाली ओढलं. जेवणघरात इतका कल्ला झाला की मोजणीबुवाने तो कुठल्या रकान्यात घालावा यावर बराच विचार केला. मग त्याने 'किरकोळ आवाज' हा रकानाच कायमचा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला दाराशी रणदिवे उभे होते. त्यांनी पट्टा कमरेला लावला.  अडतीसला ते थांबले, तेव्हा मागून सावनीने हळूच सांगितलं, "साहेब, दोन बाकी."

पृथ्वीवर उतरल्यावर पहिले काही आठवडे, चंद्रावरून आलेल्यांना इथल्या वजनाची सवय लावणाऱ्या केंद्रातच गेले. पहिल्या दिवशी सावनीला स्वतःचा हातसुद्धा कुणी दुसऱ्याने ठेवून दिल्यासारखा जड वाटला. पण पाय उभे राहिले. केंद्रातही जेवणाआधी ती उठून उभी राहायची. आधी नुसत्या टाचा उचलायची, मग हळूहळू उड्या. तिथल्या डॉक्टरांना आधी हा काय प्रकार आहे ते कळेना. आठवड्याने तेही रांगेत होते.

साताऱ्याला गाडी चढाच्या पायथ्याशी थांबली तेव्हा शार्दूल खुर्ची घेऊन हजर होता. खुर्चीला झेंडूचा हार घातलेला, चाकांना तेल दिलेलं. गल्लीतली पोरं बघायला जमली होती. सावनी गाडीतून उतरली. एक पाऊल टाकलं, थांबली, श्वास घेतला, दुसरं टाकलं. पन्नास पावलांवर ती भिंतीला टेकली. शंभरावर घोटभर पाणी प्यायली. तिच्याबरोबर मोकळी खुर्ची ढकलत चाललेला शार्दूल दीडशे पावलांनंतर टोमणे मारायचा थांबला. एकशे नव्वदला तो पावलं मोठ्याने मोजायला लागला. दोनशेव्या पावलाला सावनीने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि गल्लीतली पोरं ओरडली.

सावनीने मागे वळून बघितलं. चढ चढून शार्दूलला धाप लागली होती. घाम पुसत तो त्याच खुर्चीत टेकला होता.

तिने खुर्चीवरचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला, खुर्चीच्या मागे गेली आणि अंगणातून थेट जेवणघराच्या दारापर्यंत त्याला ढकलत नेलं.

आत शार्दूलची आई पानं वाढत होती. सावनीने दाराशी उभं राहून शार्दूलला खुर्चीतून उठवलं. इथे पट्टे लागणार नव्हते. पृथ्वी स्वतःच खाली ओढत होती, सगळ्यांना, सारखं आणि फुकट. कपारवाडीत रणदिवे पुढच्या यानाची तयारी करत होते. मंगळावर जायचं म्हणणाऱ्यांनी द्रौपदाकाकूंकडून कड्यांचं माप मागवलं होतं. आणि साताऱ्यातल्या त्या घरात पहिल्यांदाच जमिनीला हादरे बसत होते.

"अडतीस," शार्दूल धापा टाकत म्हणाला आणि ताटाकडे निघाला.

सावनीने त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक धरलं. दोन बाकी होते.